ओढ्याचा 'पोर्ला' आवाज मोबाईलमध्ये कसा पकडायचा : खास खानापूर-बेळगावकडच्यांसाठी

पावसाळ्यात गोकाक बघून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये धबधब्याचं एक तरी रेकॉर्डिंग असतंय, आणि घरी येऊन लावलं की पूर्वी टीव्हीला मुंग्या आल्यावर जो खर्रर्र आवाज यायचा तसलंच काहीतरी ऐकू येतंय. मोबाईलची चूक नाही. ५२ मीटरवरनं पडणाऱ्या पाण्यात एकाच वेळी इतके आवाज होत असतात की सगळे एकमेकांवर चढतात आणि वेगळा असा एकही कळत नाही, वर त्यातला जो छातीत जाणवणारा दणका असतो तो एवढ्याशा माईकला नीट घेता येत नाही आणि एवढ्याशा स्पीकरला परत काढता तर अजिबातच येत नाही. त्यामुळं ज्याला पाण्याचा आवाज रेकॉर्ड करायचाय त्यानं सुरुवातीला गोकाकचा नाद सोडावा आणि घोटाभर पाण्याचा एखादा ओढा धरावा.

ओढ्याच्या ह्या आवाजाला स्वीडिश भाषेत एक क्रियापद आहे, 'पोर्ला'. दगडाधोंड्यांतनं बारीक पाणी वाहताना जे खळखळतं ते पोर्ला. 'बेक्केन पोर्लार' म्हणजे ओढा खळखळतोय, भूतकाळात 'पोर्लादे', आणि मी, तू, आम्ही, ते कोणीही असलं तरी क्रियापद बदलत नाही, त्यामुळं पाठ करायला काही नाही. उच्चाराची एक गंमत आहे बघा. स्टॉकहोमकडं र आणि ल शेजारी आले की दोन्ही मिळून एक ळ होतो, म्हणजे ते लोक हा शब्द म्हणतात तेव्हा आपल्या कानाला साधारण 'पोळा' ऐकू येतंय. जो ळ इंग्रजीवाल्यांना जन्मात जमत नाही तो आपल्याला फुकट मिळालाय. दक्षिण स्वीडनमध्ये आणि फिनलंडच्या स्वीडिश बोलणाऱ्यांत मात्र र वेगळा, ल वेगळा, आपल्या चोर्ला घाटासारखा सरळ पोर्ला. खळखळून हसणाऱ्याच्या हसण्याला पण ते हेच क्रियापद लावतात. स्वीडनमध्ये लाक्सोच्या जवळ पोर्ला नावाचा झराच आहे, जुन्या काळी लोक तिथं औषधी पाणी प्यायला जायचे, आणि १८३० च्या दशकात बर्झेलियस ह्या केमिस्टनं तिथलं पाणी तपासून त्यातली आम्लं शोधून काढली होती. एच, ओ अशी मूलद्रव्यांची अक्षरं आपण शाळेत लिहितो ती पद्धत त्याचीच.

आपल्याकडं खळखळ आहे, झुळझुळ आहे, गावात कन्नड बोलणारे जुळुजुळु म्हणतात. मग स्वीडिश कशाला? तर फाईलींची नावं ठेवायला. त्यांच्याकडं पाण्याच्या एकेका आवाजाला वेगळं क्रियापद आहे आणि मी मोबाईलमध्ये त्या नावाचे फोल्डर केलेत. ब्रूसा म्हणजे नदी भरून गर्जत जाते ते, जुलैतली मलप्रभा. दोना म्हणजे गडगडाट, गोकाक तिथं जातो. स्क्वाल्पा म्हणजे काठावर पाणी हलकं हलकं आपटतं ते, राकसकोपच्या तलावाच्या कडेला वारं असलं की मिळतंय. क्लुक्का म्हणजे कळशीतनं पाणी ओतताना गळ्यातनं डुबुक डुबुक येतं ते. सोर्ला पण आहे, तो ओढ्यालाही चालतो आणि माणसांच्या गलबल्यालाही, शनिवारी बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत उभं राहिलं की तोच. ह्या सगळ्यांत पोर्ला हा फोल्डर भरायला सगळ्यात अवघड आणि मोबाईलला सगळ्यात सोयीचा, दोन्ही एकदमच, ते कसं ते सांगतो.

आवाज नेमका कशाचा असतो

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम झालं. पाणी दगडावर आपटतं म्हणून आवाज येतो असं वाटतं, पण ओढ्याच्या खळखळीतला मुख्य आवाज हवेच्या बुडबुड्यांचा असतो. पाणी वरनं खाली पडताना थोडी हवा सोबत ओढून नेतंय, ती हवा पाण्याखाली बंद होऊन बुडबुडा होतोय, आणि बंद होतानाच तो क्षणभर थरथरतोय, त्या थरथरण्याचा सूर आपल्याला ऐकू येतोय. मार्सेल मिनार्ट म्हणून मूळचा बेल्जियमचा आणि नेदरलँड्समध्ये काम करणारा एक खगोलशास्त्रज्ञ होता, त्यानं १९३३ मध्ये ह्याचं गणित मांडलं. बुडबुडा जितका लहान तितका सूर वर. १ मिलीमीटर त्रिज्येचा असला तर साधारण ३,३०० हर्ट्झ, ३ मिलीमीटरचा १,१०० च्या आसपास आणि १ सेंटीमीटरचा मोठा असला तर ३३० हर्ट्झ. म्हणजे ओढ्यातले बहुतेक बुडबुडे नेमके त्या पट्ट्यात गातात जिथं माणसाचा कान तीक्ष्ण असतो आणि मोबाईलचा माईकही चांगला चालतो, कारण तो माईक बनवलाय माणसाच्या बोलण्यासाठी आणि बोलणं पण तिथंच असतं. गोकाकला जो मोबाईल हरतो तोच कणकुंबीच्या ओढ्यावर बरा निघतो तो ह्याच्यामुळं.

उलट जिथं हवा आत जात नाही तिथं पाणी मुकं. अथणी-चिकोडीकडं कृष्णा बघा, केवढं पाणी, पण काळ्या मातीच्या सपाट पात्रातनं जाताना हू की चू नाही. निपाणीकडं वेदगंगा, दूधगंगा, तिथंही नुसत्या नदीकाठी बसून काही मिळणार नाही, बंधाऱ्याच्या फळीतनं गळणारं पाणी तेवढं थोडं बोलतं. आणि खडकावरनं नुसतं घसरत जाणारं पाणी पातळ असेल तर सूं असा आवाज देतं, त्याला सूर नसतो.

खात्री करायची असेल तर घरी करून बघा. बादलीत पाणी भरा, नळ असा सोडा की थेंब थेंब पडेल, टुप टुप ऐकत बसा. मग त्या बादलीत भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका. टुप टुप जवळजवळ बंद होतंय. केंब्रिजला अनुराग अगरवाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये हाय-स्पीड कॅमेरा लावून दाखवलं की नळाच्या थेंबाचा तो आवाज पाण्याखाली अडकलेल्या बुडबुड्याचा असतो, आणि साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की तो आवाज जातो. ओढ्यावर धुणं चाललं असेल तर त्याच्या खालच्या अंगाला रेकॉर्डिंगला बसू नका ते एक ह्याच्यासाठी, आणि दुसरं म्हणजे धोपटण्याच्या आवाजासाठी.

जागा कशी हेरायची

ओढ्याला गेल्यावर मोबाईल खिशातच ठेवा. आधी चाला. तुम्हाला पाहिजे ती जागा म्हणजे एखादा दगड किंवा मुळी आडवी आलीय, पाणी तिच्यावरनं चार बोटं ते वीतभर खाली पडतंय, आणि खाली छोटं का होईना साचलेलं पाणी आहे. साचलेलं पाणी पाहिजेच, कारण खाली नुसता कोरडा खडक असला तर पाणी फुटतं, बुडबुडा होत नाही. पडणारी धार बोटाएवढी जाड असली की सूर येतो, पडद्यासारखी पसरून पडत असली की सूं सूं येतो. खालचं पाणी ढोपरभर खोल आणि बाजूनं दगडांनी बंद असेल तर मधूनच एखादा खोल डुबुक निघतो, तो लाख मोलाचा.

शेजारी शेजारी दोन अशा पायऱ्या असतील, एक उंच एक बुटकी, तर तिथंच थांबा. दोघींचे सूर वेगळे असतात आणि ऐकताना कंटाळा येत नाही. खाली उकिडवं बसा, कान पाण्यापासून हातभर अंतरावर आणा, मग हळूहळू मागं सरका. हातभर अंतरावर एकेक बुडबुडा सुटा ऐकू येतो, आठ-दहा फुटांवर सगळं मिसळून जातं, मधे कुठंतरी एक जागा अशी येते की सुटंही ऐकू येतं आणि एकसंधही वाटतं. मोबाईल तिथं ठेवायचा. ही जागा प्रत्येक ओढ्याला वेगळी असतीय, फूटपट्टीनं सांगता येत नाही.

काही जण दगड हलवून हवा तसा आवाज 'बनवतात'. स्वतःच्या शेतातल्या पाटात काय पाहिजे ते करा, दारं धरता धरता दोन धोंडे इकडचे तिकडे केले तर कोण काय म्हणणार. जंगलातल्या ओढ्यात करू नये असं माझं मत. दगडाखाली खेकडे असतात, बेडकांची पिल्लं असतात, आणि खरं सांगायचं तर वीस पावलं पुढं चाललं की त्याच्यापेक्षा चांगली जागा आयती मिळते.

कुठं आणि कधी

आपल्या भागात पश्चिमेकडं जावं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउली देवीच्या देवळापाशी, आणि त्या आसपास, जांबोटीपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान ओढे आहेत. जांबोटीकडं हब्बनहट्टीला नदीपात्रात मारुतीचं देऊळ आहे, पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं तेव्हा तिथं ब्रूसा फोल्डरचं काम, आणि पाणी उतरल्यावर खडकांतनं पोर्ला. खानापूरजवळ असोग्याला पण खडकाळ पात्र आहे, पण रविवारी तिथं डबा-पार्टीवाले आणि त्यांचे ब्लूटूथ स्पीकर असतात तेव्हा मधल्या वारी जा. मार्कंडेय नदी बैलूरकडनं निघते आणि राकसकोपला अडवलीय, बेळगाव शहर तिचं पण पाणी पितं. बेळगावकरांना सकाळी जाऊन नऊच्या आत परत यायचं असेल तर त्या बाजूचे ओढे सोयीचे. भीमगड अभयारण्यात म्हादईच्या बाजूला पाणी सुंदर आहे पण तिथं वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी पण घालतात, तेव्हा आधी विचारून घ्या. अस्वल आणि गवा दोन्ही आहेत त्या जंगलात. कानात हेडफोन घालून ओढ्याकडं तोंड करून बसलेल्या माणसाला मागनं आलेलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून कोणीतरी सोबत पाहिजेच पाहिजे.

महिना म्हणाल तर दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये ओढे फुगलेले, गढूळ, नुसते गर्जतात, शिवाय जळवा. फेब्रुवारी सरला की बऱ्याच ओढ्यांत पाणी तुटून डबकी राहतात. एप्रिल-मेमध्ये पाणी असलं तरी ते झाडावरचे मोठे किर्र किडे असा कल्ला करतात की त्यापुढं ओढा काहीच नाही, आणि त्यांचा आवाज ओढ्याच्याच पट्ट्याला लागून असल्यामुळं नंतर कॉम्प्युटरवरही वेगळा काढता येत नाही.

ऑगस्टात एक जागा मात्र सोडू नका. खानापूर तालुक्यात उतारावर भाताची खाचरं असतात एकाखाली एक, वरचं खाचर भरलं की बांधाला पाडलेल्या वाटेनं पाणी खालच्या खाचरात पडतं. अगदी हातभर उंचीवरनं, अंगठ्याएवढी धार, खाली चिखलावर साचलेलं पाणी. धार पडते तिथं चिखलात एक छोटा खळगा तयार झालेला असतो, त्यात पाणी फिरतं आणि मधूनच गुडूप करून मोठा बुडबुडा सुटतो, वर भाताच्या पात्यांवर पावसाची भुरभुर, आणि पलीकडच्या बांधावरनं बेडूक. ह्याच्याइतका भरलेला पोर्ला मला जंगलात मिळालेला नाही. अट एकच, बांधावर बसताना ज्याचं शेत त्याला विचारून बसायचं आणि बांध मोडेल असं ओझं टाकायचं नाही.

वेळ पहाटेची. उजाडल्यापासून नऊ वाजेपर्यंत वारं कमी असतं, गाड्या कमी असतात. पावसाळ्याच्या तोंडाला त्या वेळी ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर गातो, माणूसच शीळ वाजवतोय असं वाटतं, तो रेकॉर्डिंगमध्ये आला तर येऊ द्या. वाईट नाही. पण सपाटीवर, नदीकाठच्या शेतांत, सगळ्यात मोठा प्रश्न पंपांचा. थ्री फेज आली की काठावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि तो हूंऽऽऽ आवाज पाण्यावरनं लांबपर्यंत येतो, दोन किलोमीटर चाललात तरी पुढची मोटार असतेच. म्हणून आदल्या दिवशी गावात कोणालातरी विचारायचं, मामा, उद्या लाईट कधी हाय? हे सगळ्यांना पाठ असतंय. आणि ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि त्याच्यावर फुल आवाजात गाणी, त्याला उपाय नाही, वेळ बदला नाहीतर तालुका बदला.

मोबाईलची तयारी

इथं बहुतेकांचं रेकॉर्डिंग बिघडतं. फोन हुशार झालेत, माणसाचं बोलणं ठेवायचं आणि मागचा एकसारखा आवाज पुसायचा अशी त्यांना सवय लावलीय, आणि ओढा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नुसता मागचा एकसारखा आवाज. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं की पहिले दोन-तीन सेकंद पाणी छान ऐकू येतं आणि मग बसल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर तर रेकॉर्ड करूच नका. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये व्हॉइस मेमोजच्या खाली ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करा. अँड्रॉइडवर असं ॲप घ्या जिथं डब्ल्यूएव्ही फॉरमॅट निवडता येतो आणि नॉइज सप्रेशन (मागचा आवाज पुसणं), ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) ह्या गोष्टी बंद करता येतात. फोनच्या स्वतःच्या रेकॉर्डरमध्ये इंटरव्ह्यू, स्पीच असे मोड असतील तर ते नकोत, साधा स्टँडर्ड ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोला मिनिटाला पावणेसहा एमबी लागतात, स्टीरिओला दुप्पट, तेव्हा लग्नाचे व्हिडिओ काढून जागा करा.

लेव्हल हातानं लावता येत असेल तर सगळ्यात मोठा डुबुक मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, शून्याला गेला की आवाज फाटतो. फोन एरोप्लेन मोडवर टाका, व्हायब्रेट पण बंद करा.

मुख्य माईक फोनच्या खालच्या कडेला असतो, चार्जिंगच्या भोकाशेजारी. ती कडा पाण्याकडं करायची. फोन हातात धरू नका, बोटांची कुरकुर येते आणि आपल्याला कळत पण नाही. कोरड्या दगडावर रुमालाची घडी, त्याच्यावर फोन, एवढं पुरतं. दगडावर थेट ठेवलात तर पाण्याची धडधड दगडातनं फोनमध्ये चढते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, पिशवी सळसळते. शिंतोडे येत असतील तर फोन मागं घ्या, सोपं.

वारं हा दुसरा शत्रू. आपल्याला अंगाला लागत नाही एवढं वारं पण माईकवर फडफडतं. फोनच्या माईकच्या टोकाला जुना लोकरी मोजा सैल चढवला तर बराच फरक पडतो, लोकर जितकी केसाळ तितकं बरं. तरीपण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ओढ्याच्या खोलगट भागात, दरडीच्या आडोशाला बसणं. पैसे घालायचेच असतील तर झूम एच१एन सारखा छोटा रेकॉर्डर आणि त्याच्यावर केसाळ टोपी, पण ते नंतर, आधी फोनवर एक हंगाम काढा.

रेकॉर्ड करताना

बटण दाबल्यावर आधी बोला: तारीख, वेळ, गाव, ओढा, फोन पाण्यापासून किती लांब. घरी आल्यावर सगळे ओढे सारखेच वाटतात, तेव्हा हे बोललेलं कामाला येतं. मग गप. पाच मिनिटं तरी. हलायचं नाही, नाक ओढायचं नाही, नायलॉनचं जर्किन घालून आला असाल तर श्वासाबरोबर ते कुरकुरतं, सुती घाला. दोन-चार पावलं लांब जाऊन बसलात तर सगळ्यात बरं, फोन दिसेल एवढ्या अंतरावर, कारण माकडं. पाच मिनिटं झाली की फोन दोन पावलं सरकवून परत पाच मिनिटं. कधी कधी ती दुसरी जागा पहिलीपेक्षा दसपट चांगली निघतीय.

कणकुंबी-जांबोटीकडं एक अडचण वेगळीच येते. तिथं माणूस ओढ्याकाठी काहीतरी यंत्र मांडून, घड्याळ बघत, कागदावर लिहीत बसला की लोकांना तो प्रोजेक्टचा सर्व्हेवाला वाटतो. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प, त्याचा वाद किती वर्षांचा आहे, २०१८ मध्ये लवादानं म्हादईतलं १३.४२ टीएमसी पाणी कर्नाटकाला दिलं, त्यावरनं अजून तीन राज्यांत भांडण चालू आहे, तेव्हा लोकांनी संशयानं बघितलं तर राग मानायचं कारण नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हशी घेऊन आले, जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय सायेब, पाणी मोजालाय काय?" मी म्हटलं, "नाही अजोबा, आवाज रेकॉर्ड करतोय." ते म्हणाले, "आवाज? मग इथं कशाला बसलाय, वरच्या अंगाला जावा, जांभळीखाली. तिथं बोलतंय ते." गेलो, आणि खरंच जांभळीच्या मुळीवरनं पाणी दोन टप्प्यांत पडत होतं. म्हणून माझं सांगणं, आल्या आल्या कोणी भेटलं की आपणहून सांगावं आणि विचारावं. कन्नड बोलणारं कोणी असलं तर 'नीरिन सप्पळ रेकॉर्ड माडाकत्तेन्री', म्हणजे पाण्याचा आवाज रेकॉर्ड करतोय, एवढं वाक्य पुरतं, हसतात आणि जागा दाखवतात.

घरी आल्यावर

हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर निकाल लावू नका. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. पहिले आणि शेवटचे दहा सेकंद कापून टाका, त्यात तुमची चाहूल असतेच. मग हाय-पास फिल्टर ८० ते १०० हर्ट्झला लावा, वाऱ्याची आणि लांबच्या ट्रकची घरघर त्याखाली असते, ओढ्याचं तिथं काही नसतं, त्यामुळं बिनधास्त लावा. ट्रॅकचा स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू, म्हणजे आवाजाचं चित्र, काढून बघा, मोठे बुडबुडे खाली आणि लहान बुडबुडे वर असे बारीक बारीक ठिपके दिसतात, खरा पोर्ला असला की हे ठिपके सुटे दिसतात, आणि ब्रूसा असला की सगळं एकसारखं रंगवल्यासारखं. मी शंका आली की असंच बघून फोल्डर ठरवतो.

नॉइज रिडक्शन नावाचं बटण दिसेल, त्याला हात लावू नका. ते फोननं जे करायचं होतं तेच कॉम्प्युटरवर करतं, पाणीच खातं, आणि उरलेल्याला पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा आवाज येतो. एको, रिव्हर्ब पण नको. मधेच कुत्रं भुंकलं तर तेवढा तुकडा काढा आणि दोन टोकं क्रॉसफेडनं जोडा, म्हणजे एक हळूहळू विरतं तसं दुसरं हळूहळू चढतं, एखाद-दोन सेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. झोपताना लावायला तासाभराचं पाहिजे असेल तर पाच मिनिटांचा चांगला तुकडा घेऊन असंच जोडत जा, पण त्यात एखादा मोठा ओळखू येणारा डुबुक असेल तर तो आधी काढा, नाहीतर दर पाच मिनिटांनी तोच डुबुक येतोय हे कळायला लागलं की झोप उडतीय.

फाईलीचं नाव: क्रियापद, जागा, महिना, पाणी किती. म्हणजे 'पोर्ला-जांबोटी-डिसेंबर-घोटाभर'. मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, त्याच्यावरनं हवं तर एमपी३ काढता येते, उलटं येत नाही. एमपी३ काढताना १९२ केबीपीएसच्या खाली जाऊ नका, गाणं एखादवेळ चालून जातं पण पाणी लगेच पाझरल्यासारखं, सुळसुळीत होतं.

आणि पुण्या-मुंबईतल्या कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची असली की खालच्या पिनवर दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस नोट म्हणून पाठवली की सगळी मेहनत पाण्यात, कारण तिकडनं पहिला मेसेज येतो तो, "पाऊस चालू आहे का रे तिकडं?"